‘गरीब’ शब्दाचा मूळ अर्थ आणि ‘गुरबा’ची हदीस

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी निवेदिलेली आणि सहीह मुस्लिमच्या ‘किताबुल ईमान’मध्ये आलेली एक हदीस आपल्याकडे जुम्याच्या बयानात वारंवार ऐकावयास मिळते. तिचा आशय असा की, इस्लामचा आरंभ ‘गरीब’ अवस्थेत झाला, पुढे तो पुन्हा त्याच अवस्थेस येईल, आणि त्या काळी जे ‘गुरबा’ असतील त्यांच्यासाठी शुभवार्ता आहे. बयान उर्दूत असो वा मराठीत, ‘गरीब’ हा शब्द मूळ अरबीतून जसाच्या तसा आपल्या कानी पडतो. तो इतका ओळखीचा आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. ‘सिरात’ किंवा ‘तकवा’ असा शब्द आला तर ऐकणारा थांबतो, शेजाऱ्याला विचारतो, घरी जाऊन भाषांतर उघडतो. ‘गरीब’ या शब्दापाशी मात्र कोणी थांबत नाही आणि इस्लामचा आरंभ दारिद्र्यात झाला, शेवटही दारिद्र्यात होणार, म्हणून दरिद्री लोकांना शुभवार्ता, असा अर्थ मनात पक्का होऊन बसतो.

हा अर्थ हदीसचा नाही. अरबी भाषेत ‘गरीब’ म्हणजे निर्धन नव्हे. ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्या माणसांपासून दूर असलेला, परक्या मुलखात आलेला. आणि त्यावरून अपरिचित, विलक्षण, क्वचित आढळणारा. निर्धन माणसासाठी अरबीत ‘फकीर’ आणि ‘मिस्कीन’ हे शब्द आहेत. पवित्र कुरआनच्या सूरह तौबामधील साठाव्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत पहिले दोन हेच आहेत. ‘गरीब’ हा शब्द त्या आयतीत नाही. किंबहुना या रूपात तो संपूर्ण कुरआनात कोठेही आलेला नाही.

त्या धातूपासून झालेले इतर शब्द मात्र कुरआनात आहेत. गैन, रे आणि बे या तीन अक्षरांचा हा धातू असून दूर जाणे, दृष्टीआड होणे, मावळणे हे त्याचे मूळ अर्थ होत. सूर्य ज्या दिशेस दृष्टीआड होतो ती ‘गर्ब’, म्हणजे पश्चिम. आणि मावळण्याची वेळ व स्थान ते ‘मगरिब’. आपण रोज ज्या नमाजला मगरिब म्हणतो तिच्या नावात आणि ‘गरीब’ या शब्दात एकच धातू आहे. आफ्रिकेच्या पश्चिम टोकावरील मोरोक्को देशाचे अरबी नाव ‘अल-मगरिब’ असेच आहे. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्याला आजही ‘अल्गार्व्ह’ म्हणतात; तेथे मुस्लिम सत्ता असताना तो अंदलुसचा पश्चिम भाग, म्हणजे ‘अल-गर्ब’ होता. फिकहच्या ग्रंथांत ‘तगरीब’ हा शब्द येतो. मराठी वाचकास तो ‘गरीब करणे’ असा, म्हणजे दंड वसूल करण्यासारखा वाटेल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ हद्दपारी असा आहे.

थोडक्यात, सूर्य दृष्टीआड झाला की मगरिब होते आणि माणूस आपल्या लोकांच्या दृष्टीआड गेला की तो ‘गरीब’ होतो. त्याच्या खिशात किती पैसा आहे याचा या शब्दाशी मुळात संबंध नाही.

हा अर्थ हाती धरून वरील हदीसकडे पाहिले म्हणजे इतिहासही तिला दुजोरा देतो. मक्केत इस्लामचा आरंभ केवळ निर्धनांमध्ये झाला असे म्हणता येत नाही. सर्वप्रथम ईमान आणणाऱ्या हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापारी माल शामपर्यंत जात असे. हजरत अबू बक्र (रजि.) कापडाचे व्यापारी होते. हजरत उस्मान (रजि.) यांची संपत्ती सर्वश्रुत आहे. हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) हे तर मक्केतील ऐषआरामात वाढलेले तरुण. त्याच मंडळीत हजरत बिलाल (रजि.) आणि हजरत अम्मार (रजि.) यांच्यासारखे, ज्यांच्या पाठीशी कोणी नव्हते असे लोकही होते. या सर्वांमध्ये समान असलेली गोष्ट दारिद्र्य नव्हती, परकेपण होते. ज्या घरात जन्मले त्या घराला ते परके झाले, ज्या बाजारात वावरले त्या बाजाराला परके झाले. मुसअब (रजि.) यांच्या आईने मुलाला घरात कोंडून ठेवले ते मुलगा दरिद्री झाला म्हणून नव्हे.

हजरत सुहैब रूमी (रजि.) यांचे उदाहरण या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते. ते मक्केत बाहेरून आलेले, अरबी अर्थाने ‘गरीब’. तेथे त्यांनी कष्टाने पैसा मिळविला आणि मराठी अर्थाने ते ‘श्रीमंत’ झाले. हिजरतीच्या वेळी कुरैशांनी त्यांना अडविले, तेव्हा सर्व संपत्ती त्यांच्या हवाली करून ते मदीनेस निघाले. म्हणजे मराठी अर्थाने ते गरीब झाले, आणि ज्या दिवशी असे गरीब झाले त्याच दिवसापासून अरबी अर्थाने ‘गरीब’ राहिले नाहीत; कारण मदीनेत त्यांची वाट पाहणारे त्यांचे स्वतःचे लोक होते.

मग ‘गुरबा’ कोण? हे रूप ‘गरीब’चे अनेकवचन आहे. याच आशयाच्या इतर निवेदनांत त्याचा खुलासाही आला आहे. एका निवेदनानुसार आपापल्या कबिल्यांतून बाहेर पडलेले लोक ते गुरबा. तिर्मिजीतील निवेदनानुसार लोकांनी प्रेषितांच्या (सल्ल.) सुन्नतीत जे बिघडविले ते सुधारणारे लोक ते गुरबा. दोन्हींत धनाचा उल्लेख नाही. एकात नाते तुटल्याचा उल्लेख आहे, दुसऱ्यात काम करण्याचा.

आता प्रश्न असा की अरबीतील ‘परका’ आपल्याकडे येईपर्यंत ‘निर्धन’ कसा झाला? हा बदल प्रामुख्याने फारसीत घडला. फारसीत गेल्यावर या शब्दाला एक करुण छटा आली. परक्या गावात अडकलेला, ज्याला विचारणारे कोणी नाही असा एकाकी माणूस म्हणजे ‘गरीब’. इराणमधील शिया बांधव इमाम रजा यांना ‘गरीबुल गुरबा’ म्हणतात, ते याच अर्थाने. मदीनेपासून फार दूर, तूस प्रांतात त्यांचे निधन झाले. आशुराच्या संध्याकाळला ‘शामे गरीबाँ’ म्हणतात, तेही दारिद्र्यामुळे नव्हे. आजच्या इराणी फारसीत निर्धनासाठी ‘फकीर’ हाच शब्द चालतो आणि ‘गरीब’ हा परका किंवा विचित्र राहिला आहे. तुर्कीत गेलेला ‘गारिप’ मुख्यतः ‘विचित्र’ या अर्थाने वापरला जातो. पण त्याच धातूचा ‘गुर्बेत’ म्हणजे परदेशातील वास्तव्य. १९६१ च्या करारानंतर जे तुर्क कामगार जर्मनीस गेले त्यांना त्यांच्या देशात ‘गुर्बेतची’ म्हणू लागले. त्यांच्यापैकी पुष्कळ जण गावाकडे घरे बांधण्याइतके सुस्थितीत आले, तरी ‘गुर्बेतची’च राहिले.

परक्या माणसाचे निर्धन माणसात रूपांतर होणे अनैसर्गिक नाही. ज्या काळी माणसाचा आधार म्हणजे त्याचा कबिला, त्याचे गाव, त्याचे भाऊबंद, त्या काळी परमुलखात आलेल्याजवळ यांपैकी काहीच नसे. जामीन राहणारे कोणी नाही, उसने देणारे कोणी नाही, आजारपणात पाणी देणारे कोणी नाही. अशा माणसाची आणि निर्धनाची अवस्था लवकरच सारखी होते. भाषेने कारण सोडले आणि परिणाम धरून ठेवला, इतकेच.

हिंदुस्थानात आल्यावर हा बदल पूर्ण झाला. हिंदी, उर्दू, गुजराती, बंगाली, मराठी, सर्वत्र ‘गरीब’ म्हणजे निर्धन. तरीही जुना अर्थ काही कोपऱ्यांत तग धरून आहे. उर्दूत ‘अजीबो-गरीब’ म्हणताना आपण दारिद्र्याबद्दल बोलत नसतो. ‘गरीबुल वतन’ म्हणजे वतनापासून दुरावलेला. ‘गुर्बत’ आज उर्दूत दारिद्र्याचा वाचक असला तरी अल्लामा इकबाल यांनी १९०४ मध्ये लिहिलेल्या ‘तराना-ए-हिंदी’त तो देशापासून दूर असण्याच्या अर्थाने आला आहे. शाळेत हे गीत म्हणणाऱ्या कित्येक मुलांची समजूत आहे की तेथे कवी आपल्या हलाखीविषयी बोलत आहे.

दख्खनचा इतिहास तर या बाबतीत विलक्षण आहे. बहमनी दरबारात दोन पक्ष होते. एक येथलाच झालेला दख्खनी सरदारांचा; दुसरा इराण, इराक आणि तुराणातून आलेल्यांचा. या दुसऱ्या पक्षाला ‘आफाकी’ म्हणत आणि ‘गरीब’ही म्हणत. म्हणजे ज्यांच्या हाती सैन्य, जहागिरी आणि समुद्री व्यापार होता, ते दरबारचे ‘गरीब’! पंधराव्या शतकाच्या मध्यास कोकणच्या मोहिमेत खलफ हसन बसरी हा सेनापती मारला गेला. त्याच्या सैन्यातील वाचलेल्या परदेशी लोकांनी पुण्याजवळच्या चाकणच्या किल्ल्यात आश्रय घेतला आणि तेथे दख्खनी पक्षाने त्यांची कत्तल केली. हा वृत्तांत मराठी अर्थ मनात ठेवून वाचला तर श्रीमंतांनी गोरगरिबांना मारले असे वाटेल. वास्तविक ती सत्तेसाठी दोन सरदार गटांत झालेली झुंज होती. गीलानहून आलेला थोर वजीर महमूद गावान याच ‘गरीब’ पक्षाचा मानला जाई. १४८१ मध्ये खोट्या आरोपावरून त्याला देहदंड झाला, त्यामागेही हाच कलह होता.

बहमनी राज्य स्थापन होण्याआधी दहा वर्षे, १३३७ मध्ये, खुलदाबादच्या भूमीत हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) विसावले. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांचे ते शिष्य. मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी केली तेव्हा दिल्लीहून जे लोक इकडे आले त्यांत तेही होते. बुरहानपूर हे नाव त्यांच्याच नावावरून पडले. ‘गरीब’ हे विशेषण त्यांना कसे मिळाले याविषयी लोक निरनिराळ्या कथा सांगतात. त्यांत मी शिरत नाही. परंतु त्यांच्या दर्ग्याजवळून जाणारा मराठी वाचक ते नाव ‘निर्धन बुरहानुद्दीन’ असे वाचतो, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात दिल्ली सोडून दख्खनेत आलेला माणूस त्याच्या डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. अजमेरचे हजरत ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती (रह.) यांना ‘गरीब नवाज’ म्हणतात. तेथे मात्र मी दोन्ही अर्थ घेईन. फारसीत ‘गरीब-नवाज’ म्हणजे परक्यांचा पाहुणचार करणारा, आणि निर्धनांचा कैवारीही. स्वतः सीस्तानहून आलेल्या, या देशात परक्या असलेल्या माणसाला हे नाव मिळावे, यात मला औचित्य दिसते.

मराठीने या शब्दाला आणखी एक अर्थ दिला. ‘मुलगा स्वभावाने गरीब आहे’, ‘गरीब गाय’, असे आपण म्हणतो तेव्हा पैशाचा प्रश्न नसतो. सौम्य, निरुपद्रवी, उलट न बोलणारा असा अर्थ असतो. परगावी आलेला माणूस मान खाली घालून वावरतो, त्यावरून ही छटा आली असावी असे मला वाटते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपण सहज ‘गरीबगुरबे’ म्हणतो. ‘गुरबे’ हा निरर्थक जोडशब्द आहे, भाकरीबिकरीतल्या ‘बिकरी’सारखा, असा सर्वसाधारण समज आहे. तसे नाही. तो हदीसमधील ‘गुरबा’च आहे. अरबी अनेकवचनावर मराठीने आपले अनेकवचन चढविले आणि ‘गुरबे’ केले. ज्यांनी अरबीचा एक धडाही वाचलेला नाही अशा खेड्यापाड्यांतील हिंदू-मुस्लिम आजीबाईंच्या तोंडी हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे.

शब्दाचा अर्थ बदलला म्हणून मराठीला दोष देण्याचे कारण नाही. भाषेत असे होतच असते. दोष आहे तो मराठी अर्थ उचलून अरबी वाक्यावर ठेवण्यात, आणि त्याचे परिणाम केवळ कोशापुरते राहत नाहीत. हदीसमध्ये दारिद्र्याचीच स्तुती आहे असे मानले की निर्धन माणसाला, तुझ्यासाठी शुभवार्ता आहे, स्वस्थ राहा, असे सांगणे सोपे होते. आणि सांगणारा बहुधा निर्धन नसतो. प्रेषितांनी (सल्ल.) तर कुफ्र आणि दारिद्र्य या दोहोंपासून एकाच दुआत अल्लाहचा आश्रय मागितला आहे. दारिद्र्य सोसणाऱ्याच्या संयमाला मोल आहे. पण दारिद्र्य टिकवून ठेवणे हे दीनचे उद्दिष्ट नव्हे.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची असून ती तरुणांमध्ये अधिक दिसते. ‘गुरबा’चा खरा अर्थ परके असा आहे हे कळले की काहींना परकेपणाचाच अभिमान वाटू लागतो. शेजाऱ्यांशी बोलणे सोडले, मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांना अज्ञानी ठरविले, घरची भाषाही टाकली, म्हणजे आपण गुरबा झालो असे त्यांना वाटते. तिर्मिजीतील खुलासा येथे पुन्हा वाचावा. जे बिघडले ते सुधारणारे, असे तेथे आहे. सुधारणाऱ्याला लोकांत मिसळावे लागते, त्यांची भाषा बोलावी लागते. परकेपण हे त्याच्या वाट्यास येते. तो ते शोधत जात नाही. लग्नात हुंडा घेण्यास नकार देणारा मुलगा आपल्याच मामा-काकांच्या बैठकीत त्या संध्याकाळी ‘गरीब’ असतो. वजनात चोख असलेला दुकानदार आपल्याच बाजारपेठेत ‘गरीब’ असतो. बहिणीला वारशातील तिचा हिस्सा मोजून देणारा भाऊ कित्येक घरांत आजही अजबच ठरतो.

बुखारीतील दुसरी एक हदीस अशीच चुकीची ऐकली जाते. प्रेषितांनी (सल्ल.) हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या खांद्यावर हात ठेवून, जगात ‘गरीब’ किंवा वाटसरू असल्याप्रमाणे राहण्याचा उपदेश केला. मराठीत हे फाटक्या कपड्यात राहण्यासारखे वाटते. परंतु ‘वाटसरू’ हा पुढचाच शब्द अर्थ स्पष्ट करतो. परक्या गावात उतरलेला माणूस तेथे मुळे रोवत नाही, तेथील भांडणांत पडत नाही, त्याचे लक्ष आपल्या घराकडे असते. असा माणूस श्रीमंतही असू शकतो.

हदीसशास्त्रातील संज्ञेबद्दलही येथे सांगणे आवश्यक आहे, कारण तिर्मिजीची भाषांतरे आता घरोघरी आहेत. एखाद्या हदीसखाली ‘गरीब’ असा शेरा दिसला की वाचक ती दुबळी समजून पान उलटतो. त्या शास्त्रात ‘गरीब’ म्हणजे जिच्या निवेदकांच्या साखळीत एखाद्या टप्प्यावर एकच निवेदक आहे ती हदीस. अशी हदीस सहीह असू शकते, हसन असू शकते, दुबळीही असू शकते. कर्मे नियतीवर अवलंबून असतात या आशयाची बुखारीतील सर्वांत पहिली हदीस या अर्थाने ‘गरीब’ आहे: हजरत उमर (रजि.) यांच्याकडून अलकमा, त्यांच्याकडून मुहम्मद बिन इब्राहीम, त्यांच्याकडून यहया बिन सईद, असे एकामागून एक एकेकच नाव येते. तिच्या प्रामाण्याविषयी मात्र कोणाला शंका नाही.

भाषांतरकारांनी मग मराठीत कोणता शब्द वापरावा? ‘अपरिचित’ हा इस्लामसाठी चांगला बसतो, पण माणसांसाठी थंड वाटतो. लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनामुळे मराठी वाचकाच्या मनात घर केलेला ‘उपरा’ हा शब्द माणसांसाठी नेमका आहे, पण दीनसाठी वापरता येत नाही. हदीसमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे आणि तो एकच ठेवण्यात अर्थ आहे. मला ‘परका’ हा शब्द पसंत आहे. तो कानाला थोडा बोचतो, विशेषतः आपल्यासारख्यांच्या. मराठीत जन्मून मराठीतच वाढलेल्या माणसाला कधीकधी हा शब्द ऐकावा लागतो. पण मक्केतील पहिल्या मुसलमानांनाही तो बोचला असेलच. जेथे ‘गरीब’ ठेवणे भागच असेल तेथे तळटीप द्यावी, आणि मकतबमध्ये मुलांना ही हदीस शिकविताना आधी ‘मगरिब’ शब्द फळ्यावर लिहावा. मुले तो रोज उच्चारतात. त्यावरून त्यांना अर्थ लवकर उमगतो.

शेवटी जकातीकडे वळतो. सूरह तौबाच्या त्याच आयतीत आठवा हक्कदार ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटसरू, हा आहे. अरबी ‘गरीब’ आणि मराठी ‘गरीब’ यांची गाठ येथे पडते. घरी शेतीवाडी असलेला, पण आपल्या शहरात पैसा आणि फोन दोन्ही चोरीस जाऊन अडकलेला मजूर किंवा विद्यार्थी, त्याच्या गावी स्वतः जकात देण्यास पात्र असला तरी येथे जकात घेण्यास पात्र ठरतो. हनफी फकीह म्हणतात की कर्ज मिळत असेल तर त्याने ते घेणे अधिक बरे. तरीही गरजेपुरती जकात त्याला घेता येते. शाफई मजहबात, जो कोकणातील आपल्या पुष्कळ बांधवांचा आहे, प्रवासास निघू पाहणाऱ्या गरजूचाही यात समावेश होतो. रमजानमध्ये जकातीची यादी करताना बहुतेक जमाती मोहल्ल्यातील विधवा, वृद्ध आणि कर्जबाजारी यांची नावे लिहितात. ते योग्यच आहे. पण मशिदीच्या मागच्या सफेत नमाज पढून कोणाशी न बोलता निघून जाणाऱ्या, अंगावर चांगले कपडे असलेल्या परगावच्या माणसाचे नाव त्या यादीत येत नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नसते. सलाम फिरवल्यावर ते त्याला विचारावे लागते.